वर राहिलेलं बोट

या वर्षी हुरड्याला माझी नात शुभा औरंगाबादेहून आली ती पाठीवर गिटार घेऊन. तलवाड्याच्या आमच्या शिवारात माणसांच्या पाठीवरून आजवर काय काय आलं. कडब्याच्या पेंढ्या आल्या, फवारणीचा पंप आला, एकदा लंगडं वासरू आलं. पण काळ्या पिशवीत बसवलेलं, पोट सुटलेल्या सावकारासारखं हे प्रकरण पहिल्यांदाच. गडी माणसं हातातलं काम तसंच ठेवून बघत राहिली.

आगटी पेटली. गोवऱ्यांचा धूर आधी वर गेला, मग वाऱ्यानं खाली दाबला, आणि कोवळ्या ज्वारीचा तो दुधाळ, भाजका वास सुटला. या वासाला आमच्याकडे कुणी काही नाव ठेवलेलं नाही. पौषात तो येतो आणि माणसं न बोलावता त्याच्याभोवती गोळा होतात. मी कणीस तळहातावर चोळत होते. शुभा बांधावर बसून त्या वाद्याशी झोंबत होती. एक बोट जागेवर बसवलं की दुसरं निसटायचं, दुसरं धरलं की तिसरं भलत्याच तारेवर. कोंबड्या डालायला निघालेल्या नव्या सुनेसारखी तिची गत.

"न्हाई जमत ना," मी म्हटलं.

"हसू नकोस आजी. प्रत्येक कॉर्डला बोटांची जागा ठरलेली असते. माझं हे पहिलं बोट तिथं पोचतच नाही."

"मग ऱ्हाऊ दे त्याला घरी."

"तेच सांगितलंय सरांनी. नवशिक्यांसाठी दुसरी पकड असते, सोपी. हे बोट सरळ उचलून टाकायचं. ऐक."

तिनं अंगठ्याजवळचं बोट उचललं, दोनच बोटं तारांवर ठेवली, आणि उजव्या हाताचा अंगठा सगळ्या तारांवरून फिरवला.

माझ्या हातातले दाणे मातीत सांडले. सांडले ते सांडले, मला उचलायचंही सुचेना. सून म्हणाली, "आत्याबाई, चटका बसला का?" मी मान हलवली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गिटार हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा. निजामाच्या राज्यात, मोमिनाबादेत, परक्या घराच्या ओसरीवर मी तो ऐकला होता, आणि तो काढणारा हात माझा स्वतःचा होता.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. गावाच्या अंगाला घोडदळाची छावणी. मोठी पलटण केव्हाच उठून गेली होती, पण ओढा आटल्यावर डबक्यात मासे उरावेत तशी काही माणसं मागे उरली होती. त्यांत बँडवाले होते. त्यांचा मास्तर गोव्याचा. जहागीरदारांच्या लग्नात वाजवायचा, आणि लग्नं नसली की ओसरीच्या पायरीवर बसून आपला पितळी कर्णा राखेनं घासायचा. त्याची बायको रोझाबाय. उंच, सावळी, कपाळावर कुंकू नाही पण अंबाड्यात रोज एक फूल. आमचं किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. रोझाबाय तांदूळ, गूळ, खोबरं आमच्याकडूनच न्यायची, आणि तांदळाचं ओझं तिच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे असायचं.

त्या पोरीकडे आज वळून बघते तेव्हा एक कानाखाली द्यावीशी वाटते, आणि हसूही येतं. बारा वर्षांची असेल. लग्न झालेलं, नांदायला जायचं बाकी. नाकात चमकी, परकराला गाठ मारलेली, आणि डोक्यात दोनच गोष्टी ठासून भरलेल्या. एक, आपल्यासारखं शहाणं मोमिनाबादेत कुणी नाही. दुसरी, आपल्यासारखं पवित्र तर सगळ्या निजामाच्या मुलखात कुणी नाही.

पवित्रपणाचं कारण होतं. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग. सकाळी अंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि उजव्या हातानं त्याला भस्म, बेल, फूल वाहायचं. बाकीच्या गावाचा डावा हात कोणत्या कामाला असतो ते सांगायला नको. आमचा डावा हात म्हणजे देवाची बैठक. आजीला आम्ही आव्वा म्हणायचो. ती मला लहानपणापासून शिकवायची, "निले, या हातानं चिखल कालवू नको, या हातानं कुनाला मारू नको. यावर देव बसतो." मी तो हात इतका जपायची की वाट चालतानाही छातीशी धरायची. लोकांना वाटायचं पोरीचा हात मोडलाय.

त्या वर्षी या हाताला आणखीच महत्त्व आलेलं. सुगी संपली की स्वामी येणार होते. ते माझा डावा हात आपल्या हातात घेणार, त्यावर लिंग ठेवणार, कानात मंत्र सांगणार. ती दीक्षा झाली की तलवाड्याची गाडी जुंपायची. दीक्षेशिवाय सासर नाही, आणि हात शुद्ध नसेल तर दीक्षा नाही, असं मीच माझ्या मनाशी पक्कं करून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागतच नसे.

रोझाबायकडे जाताना आव्वाची ताकीद असायची. "आत पाय टाकायचा न्हाई. पानी प्यायचं न्हाई. दिल्यालं खायचं न्हाई." वाद्याला हात लावू नको असं काही आव्वा म्हणाली नव्हती, कारण तिथं वाद्य आहे हे तिला माहीत नव्हतं. मी लई कायद्याची पोर. ओसरीवर बसले, पाणी प्याले नाही, शेवेचा लाडू खाल्ला नाही, आणि रोझाबायनं मांडीवर ठेवलेलं ते लाकडी पोट मात्र दोन्ही हातांनी कवटाळलं.

ती त्याचं काहीतरी नाव घ्यायची, ते मला म्हणता यायचं नाही. मी म्हणायची तंबोरा. सहा तारा. तीन जाड, चांदीच्या तारेनं गुंडाळल्यासारख्या. तीन बारीक, पिवळसर, शेवयीसारख्या.

"अगो बाय, तारेशी भांडू नको," रोझाबाय म्हणायची. "नुस्ती टेकव. तिला वाटूं दे, तुझं तिच्याकडं काम हाय."

पहिल्या काही दिवसांत बोटांच्या टोकांना आग लागायची. भाकरी मोडताना दुखायचं, वेणी घालताना दुखायचं. पण तीन बोटं आपापल्या जागी बसून तारा एकदम वाजल्या, की ओसरीवरची हवाच बदलून जायची. घरी आमच्याकडे गाणं म्हणजे जात्यावरचं किंवा देवळातलं. एका वेळी एक सूर, मग पुढचा. इथं सगळे सूर एकदम दारात येऊन उभे राहायचे, पाहुण्यांनी बैलगाडीतून एकाच वेळी उड्या मारल्यासारखे. मी दर वेळी दचकायची. रोझाबाय हसायची.

मग एका दुपारी बारीक तार तुटली.

फट्टकन आवाज झाला, आणि तुटलेलं टोक माझ्या गालाला चाटून गेलं. रोझाबायनं पत्र्याच्या डबीतून नवी तार काढली. ती खुंटीला गुंडाळू लागली आणि मला म्हणाली, "दुसरं टोक ताणून धर." माझ्या दोन्ही हातांत वाद्य. मी ते टोक दातांत धरलं. शिंप्याच्या घरी बायका धागा धरतात तसं. चांगलं घट्ट, दाढेखाली. तार बसली, रोझाबायनं ती छेडून बघितली, आणि मी ओठ पुसत सहज विचारलं, "ही कशाची असती वो?"

"मेंढराच्या आतड्याची, बाय."

आज इतक्या वर्षांनीसुद्धा तो क्षण आठवला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आमच्या घरात अंड्याला अंडं म्हणत नसत. 'ते पांढरं' म्हणत. आणि मी मेंढराचं आतडं दाढेत धरून बसले होते. मी ओरडले नाही, रडले नाही. उठले, तांदळाचं रिकामं पोतं डोक्यावर घेतलं आणि बाजारातून सरळ घरच्या आडावर गेले. चूळ भरली, परत भरली, राखेनं दात घासले, कडुलिंबाचा पाला चावला. आईला वाटलं माझी दाढ दुखतेय. तिनं लवंग दिली. लवंग तोंडात धरून मी भिंतीकडे तोंड करून बसले.

खरा धक्का रात्री अंथरुणावर नाही, सकाळी पूजेला बसला. डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि ध्यानात आलं की तोंड धुतलं, पण हात? याच हाताची बोटं इतके दिवस त्याच तारा दाबत होती. आता हे लिंग गडगडत जमिनीवर जाणार, आणि आव्वा विचारणार, कावून? मी श्वास रोखून बसले. लिंग जागचं हललं नाही. मला वाटलं, देवाला अजून कळलं नसेल. स्वामींच्या हातून ठेवलं जाईल तेव्हा कळेल.

त्यानंतर मी छावणीकडे जायचंच नाही असं ठरवलं. तांदूळ पोचवायचे तर पायरीवर ठेवून पळायचे. असं पळतानाच एकदा आतून तो आवाज आला, आणि पाय जमिनीला चिकटले. सांगते ना, मी पवित्र होते, पण बहिरी नव्हते.

परत ओसरीवर बसले, पण अटी घेऊन. एखाद्या वकिलानं मांडाव्यात तशा मी त्या मांडल्या. उजवा हात चालेल, तो काय, सगळीच कामं करतो. डावा हात देवाचा. तो फक्त जाड तारांना लागेल, बारीक तारांना लागणार नाही. आणि जाड तारा कशाच्या?

"आत रेशीम, वर धातूची तार," रोझाबाय म्हणाली.

"रेशीम सोवळं असतं," मी म्हटलं. "मग चालतंय."

रोझाबाय आधी खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मास्तरला हाक मारून तिनं तिच्या भाषेत काही सांगितलं. मास्तरनं कर्णा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच नवं वाद्य आहे. मग तिनं हसणं थांबवलं आणि वाद्य मांडीवर घेऊन विचारात पडली. "बरं. तीन तारा तुझ्या, तीन मोकळ्या."

तिथून पुढं महिनाभर आम्ही दोघी पकडी शोधत बसलो. जी पकड तीन बोटांची, ती दोन बोटांत कशी बसेल. बारीक तारेवरचं बोट काढलं तर काय उरतं, आणि जे उरतं ते कानाला चालतं का. काही पकडी बोट काढल्यावर नुसत्याच केविलवाण्या वाजायच्या, मीठ नसलेल्या आमटीसारख्या. त्या टाकून द्यायच्या. पण तीन पकडी अशा सापडल्या की रोझाबायसुद्धा थबकली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, एवढीच जोडी. ती जोडी एक तार जाड बाजूला सरकवली की दुसरी पकड. थोडी बदलली की तिसरी. आणि पहिलं बोट, जे त्या बारीक तारेवर पडायचं, ते मी कायमचं वर धरून ठेवायची. चुकूनसुद्धा लागू नये म्हणून अगदी ताठ, आभाळाकडे.

रोझाबायच्या पकडींची नावं माझ्या तोंडात बसायची नाहीत. मी आपली नावं ठेवली. एकीला खळं, कारण तिचा आवाज खळ्यात बैलांची पात फिरताना येतो तसा घुमायचा. एकीला सांज. आणि तिसरीला अर्धं कवाड. तिसरीची मूळ पकड पूर्ण असायची, पोटभर, पण माझं बोट वर असल्यामुळे तिच्यातला एक सूर बंद व्हायचाच राहायचा. दाराची एक फळी लावली आणि दुसरी उघडीच राहिली, वाऱ्यानं हलतेय, बाहेरचं ऊन दिसतंय, असा तो आवाज. मला तो पापाच्या भीतीतून मिळाला होता, म्हणून मी तो कमी दर्जाचा समजायची. दीक्षा झाली, मोठी झाले, काही उपाय निघाला, तर एक दिवस बोट खाली ठेवून खरी पकड वाजवीन, अशी हाव मनात धरून होते.

तेव्हाच्या हुरड्याला आम्ही सगळे धारूरच्या वाटेवरच्या शेतात गेलो. बालाघाटाच्या कडेचं रान, खाली दरी, वर गार वारा. आगटीतून कणीस काढायला काकांनी काटकी शोधायला सुरुवात केली. मी सरळ डावा हात घातला, दोन बोटांत कणीस धरलं आणि काढलं. परत घातला, परत काढलं. चवथ्या-पाचव्या कणसाला आव्वा माझ्याकडे बघत होती.

"निले, तुला चटका न्हाई का बसत?"

"न्हाई, आव्वा."

"इकडं आन."

तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं एकेक बोट चाचपलं. दोन बोटांची टोकं तिला लागली, चिंचोक्यासारखी राठ. बाकीची मऊ. तिनं परत चाचपलं. धुरामुळे तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर कुंभाराच्या चाकाखालच्या खुंटीसारखी एका जागी.

"दोनच बोटं. हे कोन्तं काम गं?"

आगटीत एक दाणा फुटला. मला वाटलं आता जमीन फाटेल आणि मी हुरड्यासकट आत जाईन.

"खोटं सांगायचं असंल तर हुरडा खाऊन झाल्यावर सांग," आव्वा म्हणाली. "खरं असंल तर आत्ता."

मी छावणीचं नाव घेतलं. तिथं तंबोरा हाय म्हटलं. आतड्याचं नाव मात्र घशाखालून वर आलंच नाही. आव्वानं हात सोडला आणि लसणाची चटणी मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावरून पदर घट्ट घेऊन ती माझ्या पुढं चालायला लागली. "चल. दाखव."

रोझाबायच्या ओसरीवर आव्वा बसली, ते दृश्य मी कधी विसरायची नाही. पाणी नको, गूळ नको, चटई नको. पायरीच्या दगडावर मांडी घालून ताठ. समोर रोझाबाय खुर्चीवर अवघडलेली, फूल थोडं कलंडलेलं. मध्ये मी आणि ते वाद्य. दोघी एकमेकींकडे बघतात आणि माझ्याकडे बघतात. मी वाजवलं. खळं, सांज, अर्धं कवाड. पकडी चुकल्या नाहीत.

आव्वा म्हणाली, "ते एक बोट वर धरून कुनाला भिववती गं?"

आता सांगणं आलंच. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. बारीक तारा कशाच्या ते. दातांत धरली ते. डाव्या हाताची काळजी कशी घेतली, लिंगाला विटाळ होऊ नये म्हणून बोट कसं वर ठेवलं, रेशमाच्या तारांवरच सगळं कसं निभावलं. सांगता सांगता माझा मलाच अभिमान वाटायला लागला. आव्वाचं तोंड मात्र बदलत गेलं. धक्का तिलाही बसला होता, पण मला वाटलं होतं त्या गोष्टीचा नव्हता.

"ह्या बारीक तारा छेडती कशानं?"

"उजव्या हातानं."

"आन् भाकरी कोन्त्या हातानं खाती?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

इतक्या दिवसांत हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. लिंगाला वाचवायला बोट आभाळात धरलं, आणि ज्या हातानं आतडं छेडलं त्याच हातानं ओसरीवरून उठून घरी जाऊन भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली. रोज. सगळ्या मुलखातली पवित्र पोर रोज दोन वेळा मेंढरू जेवत होती. मी हात लांब धरला, जसा काही तो दुसऱ्याचा आहे.

"देवाच्या समईत तेल घालती ना," आव्वा पुढं म्हणाली. तिला दया नव्हती. "ते तेल दुकानात कशातून येतं?"

"बुधल्यातून."

"बुधला कशाचा असतो, इचार तुझ्या बापाला."

बुधला चामड्याचा असतो, हे मला विचारावं लागत नव्हतं. मी स्वतः त्याचं तोंड सोडून माप भरलं होतं. इतका धक्का बसला की मी रोझाबायकडे बघितलं, म्हणजे निदान ती तरी काहीतरी बोलेल. ती खाली बघून हसू दाबत होती.

"आता काय करू मी, आव्वा?"

"हात धू," आव्वा म्हणाली. "पानी काय निजामानं बंद केलंय का?"

मग तिनं पदर सारखा केला आणि वाद्याकडे हनुवटी केली. "ठेव ते बोट खाली. इतके दिवस उपाशी ठेवलं त्याला. ऐकू दे तरी पुरी तार."

मी पहिलं बोट खाली आणलं. महिनाभर आभाळाकडे बघितलेलं ते बोट बारीक तारेवर टेकलं. तार गार होती, मऊ होती, आणि काहीही झालं नाही. मी अंगठा फिरवला. पूर्ण पकड वाजली. सगळे सूर जागच्या जागी, एकही उणा नाही.

कवाड लागलं. दोन्ही फळ्या मिटल्या, कडी बसली, आणि बाहेरचं ऊन दिसेनासं झालं.

मी परत वाजवलं. तेच. चांगलं वाजत होतं, बरोबर वाजत होतं, पंगतीतल्या पानासारखं, जिथलं तिथं. याच्यासाठी मी इतकी तळमळले होते? इतकं साधं असतं खरं? मला रडू यायला लागलं, आणि कावून ते कुणाला सांगता येईना. मग मी बोट परत उचललं. अर्धं कवाड हललं, ओसरीवर ऊन आलं. तिकडे रोझाबायनं श्वास सोडल्याचा आवाज आला.

"मीही तशीच वाजवते आता," ती हळूच म्हणाली. "तू घरी गेलीस की, तुझ्या पाठीमागं."

आव्वा उठली. "ह्यात मला काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पन बोट वर होतं तेव्हा बरं लागत होतं." आणि वाटेत, ओढ्याशी, मी कोपरापर्यंत हात धुतले, आणि आव्वा काठावर उभी राहून म्हणाली, "लई चोळू नको, कातडं तुझंच हाय."

तरीही भीती गेली नव्हती. आव्वानं माफ केलं म्हणून देव करेलच असं कुठं असतं. सुगी सरली, ताटं उपटून झाली, खळी झाडून झाली आणि स्वामी आले. भस्माचे पट्टे, वाळलेला, उंच माणूस, आवाज मात्र लहान मुलासारखा. मला पाटावर बसवलं. डावा हात पुढं करायला सांगितला. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, आणि त्यांचा अंगठा माझ्या बोटांवरून गेला आणि थांबला. परत मागं आला. त्या दोन बोटांवर.

"काय काम करती ही पोर?" त्यांनी विचारलं.

आईवडिलांना काही माहीतच नव्हतं. आव्वा मागून म्हणाली, "जोंधळा उपटती, महाराज. सुगी होती ना."

"दोनच बोटांनी?"

"लई नाजूक हाय," आव्वा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

स्वामींनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या मिशीखाली काहीतरी झालं, पण ते हसू होतं की मंत्राची सुरुवात, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. मी डोळे गच्च मिटून गडगडण्याची वाट बघत राहिले. ते बसलं, जसं तराजूच्या पारड्यात वजन बसतं तसं, नीट आणि गार. आश्चर्यानं माझं तोंड उघडंच राहिलं, आणि आईनं मागून चिमटा काढला.

तलवाड्याची गाडी छावणीच्या रस्त्यानंच गेली. रोझाबाय ओसरीवर बसली होती. तिनं हात हलवला नाही, हलवायला मोकळा नव्हता. तिनं अर्धं कवाड वाजवलं, आणि तिचं पहिलं बोट वर होतं, माझ्यासारखंच ताठ. गाडीवान म्हणाला, "ही बाई आपल्याला बोट कावून दाखवती?" मी म्हटलं, "रस्ता दाखवती. तू बैल हाक." मग काही दिवसांनी बँडही गेला म्हणे, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. माझी बोटं जात्याच्या खुंट्यावर दुसऱ्याच जागी राठ झाली, त्या दोन जागा मऊ पडल्या. वाद्य परत दिसलं नाही. मी त्याबद्दल कुणाला सांगितलंही नाही. सांगणार काय? की मी मेंढराच्या भीतीनं गाणं शिकले?

आणि आता शिवारात शुभा म्हणत होती, "आजी, तुला आवडली का? या पकडीला वेगळं नाव आहे. लोक मुद्दाम वाजवतात ही."

नाव आहे. लोक मुद्दाम वाजवतात. मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. मी नाव ठेवलंय तिला, असं म्हणणार होते, पण त्याऐवजी हात पुढं केला. "आन इकडं."

सून, गडी, पोरं, सगळी आगटी माझ्याकडे वळली. माझी बोटं आता ज्वारीच्या धांड्यासारखी झालीत, गाठी गाठी. मधलं आणि त्याच्या शेजारचं कसंबसं जागेवर बसलं. अंगठा फिरवला. एक तार खरखरली, बाकीच्या वाजल्या. शुभाचे डोळे एवढे मोठे झाले की हुरडा तिच्या तोंडातच राहिला.

"आजी, तू कधी शिकलीस?"

"हात धुवून येते आधी," मी म्हटलं, आणि हौदाकडे गेले. तारा नायलॉनच्या आहेत असं ती मागून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले. शुभा चहाचा कप घेऊन उंबऱ्यात टेकली, बोटांची टोकं फुंकत. मी लिंग डाव्या हातावर घेतलं, भस्म लावलं, बेल ठेवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आजी, तुझं ते बोट."

"कोन्तं?"

"पहिलं. वर आहे. बाकीची सगळी लिंगाभोवती आहेत आणि ते एकटंच वर आहे. मी लहान असल्यापासून तसंच बघतेय. मला वाटायचं, पूजेत असंच करतात."

मी खाली बघितलं. खरंच वर होतं. काढणी झालेल्या रानात एखादं ताट उभं राहून जातं ना, कुणाच्या लक्षात न आलेलं, तसं. इतकी वर्षं, रोज सकाळी. नवऱ्यानं बघितलं असेल, सासूनं बघितलं असेल, कुणी बोललं नाही, आणि मला स्वतःला पत्ता नाही. मी ते खाली घ्यायला गेले, आणि तसंच राहू दिलं.